वन्संची हिरवी अक्षरं

आमच्या घरात सात कॉम्प्युटर आहेत आणि त्यातल्या एकावरही नातीला गाणं ऐकता येत नाही. सगळ्यात धाकटा आहे तो तिच्या बापाच्या वयाचा. ही सगळी माया माझ्या नणंदेची. मी त्यांना वन्सं म्हणते, त्या मला वहिनी. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या आणि मी वीसची. आता तो एका वर्षाचा फरक कुणाला दिसत नाही. अकलेतला मात्र लांबूनही दिसतो.

मी शाळा पाहिली ती तिसरीपर्यंत. मराठी वाचते, पण नवा पोस्टमन घर शोधतो तशी, एकेका अक्षरापाशी थांबून. इंग्रजी माझ्यासाठी वेलबुट्टी. वन्सं मात्र शिकल्या, टायपिंगची परीक्षा दिली आणि टेलिफोन ऑफिसात लागल्या. तिथे डिरेक्टरीचा विभाग होता. गावात ज्याच्याकडे फोन, त्याचं नाव, पत्ता आणि नंबर असं एक जाडजूड पुस्तक दरवर्षी निघायचं. आमच्याकडे जुन्या डिरेक्टऱ्यांवर बसून दोन पिढ्यांनी केस कापून घेतलेत.

मग ऑफिसात कॉम्प्युटर आला. त्याला काचेची खोली, गार हवा, आत जाताना चपला बाहेर. वन्संनी घरी येऊन सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मशीनला गारवा आणि मला साधा पंखा नाही!" विभागात आठ पुरुष. त्या मशीनसमोर बसायची वेळ आली तशी एकाची कंबर धरली, एकाचे डोळे दुखायला लागले, एकाची बायको नको म्हणाली. शेवटी सगळ्यांची बोटं वन्संकडे. नवी आहे, हिला बसवा. बिघडलं तर नाव घ्यायला बरं.

त्याच वर्षी त्यांना एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलाकडचे म्हणाले, लग्नानंतर नोकरी सोडावी लागेल. वन्संनी दोन दिवस विचार केला आणि मुलगा सोडला. मी त्यांना तासभर समजावलं. "अहो, म्हातारपणी ते मशीन तुम्हाला पाणी देणार आहे का?" असंसुद्धा विचारलं. आता म्हातारपणी त्यांना पाणी मी देते आणि मशिनांची धूळही मीच पुसते. तेव्हा माझ्या सल्ल्याचं मोल तुम्हीच ठरवा.

पहिल्या वर्षीच्या डिरेक्टरीत त्यांच्या हातून एक चूक झाली. शिंप्याचा नंबर दंतवैद्याच्या नावापुढे पडला. लोक फोन करून सांगायचे, "दाढ ठणकतेय हो," आणि शिंपी म्हणायचा, "माप घेऊन या." वन्सं दोघांच्या दारी जाऊन माफी मागून आल्या. त्यानंतर एकतीस वर्षं त्यांच्या टाइपिंगमध्ये कुणाला खोट काढता आली नाही. काढायला टपलेले आठ जण होतेच.

निवृत्तीच्या दिवशी ऑफिसच्या लोकांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं. त्या म्हणाल्या, "घड्याळ राहू द्या. मागच्या शेडमधलं माझं मशीन द्या." ते पहिलं मशीन तेव्हा तिथे मोडक्या खुर्च्यांखाली पडलं होतं. हातगाडीवर घालून घरी आलं. मला वाटलं, वन्संनी निवृत्तीचा टीव्ही आणला. मी शेजारणीला हाक मारून बोलावलंसुद्धा. दोघी समोर बसलो, बराच वेळ.

तिथून तो नाद सुरू झाला. उघडलं तर आत बॅटरी फुटून सगळीकडे हिरवट बुरशीसारखं पसरलेलं. ते व्हिनेगर लावून जुन्या टूथब्रशने घासायचं आणि मग स्पिरिटने पुसायचं, असं त्यांनी कुठूनसं वाचून काढलं. ब्रश आणून द्यायचं काम माझं. मी दिलेला ब्रश जुना नव्हता, सुनेचा होता, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. डिस्क फिरवणारा रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता. तो खरवडून काढायला वन्संना तीन दिवस लागले आणि माझ्या स्वयंपाकघरातला एक चमचा गेला.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा फट् असा आवाज झाला, पांढरा धूर आणि असा वास की विचारू नका. मी धावत जाऊन पाण्याची बादली आणली. वन्सं दोन्ही हात पसरून मशीनवर ओणव्या झाल्या. "आधी मला भिजवावं लागेल, वहिनी!" आत कपॅसिटर नावाचा एक लहानसा डबा असतो, तो फुटला होता. म्हातारा झाला की फुगतो आणि एक दिवस फुटतो म्हणे.

"आपल्यासारखाच," मी म्हटलं.

"तुझ्यासारखा," वन्सं म्हणाल्या. "मी अजून फुगलेली नाही."

डबे बदलून झाले, महिना गेला आणि एका दुपारी काळ्या काचेवर एक हिरवा ठिपका लुकलुकायला लागला. वन्सं हनुवटीला हात लावून त्याच्याकडे बघत बसल्या.

"पुढे काय होतं?" मी विचारलं.

"काही नाही. तो वाट बघतो. आपण काय सांगतो याची."

"एवढंच?"

"वहिनी, या घरात आपण काय सांगतो याची वाट बघणारं दुसरं कोण आहे?"

मी मनातल्या मनात घरातली माणसं मोजली. खरंच कोणी नव्हतं. त्या दिवसापासून मी त्या डब्यांना नावं ठेवणं थोडं कमी केलं.

मग एकाचे सात झाले. कुणाच्या माळ्यावरचा, कुणाच्या बंद पडलेल्या दुकानातला. त्यांचं प्लास्टिक पिवळं पडलेलं असतं, ते पांढरं करायला पार्लरमध्ये मिळतं ते केसांचं ब्लीच लागतं. क्रीम फासायचं, वर पातळ प्लास्टिक गुंडाळायचं आणि उन्हात ठेवायचं. उन्हाचं काम आलं की मी आलेच. ऊन कुठल्या वेळी गच्चीच्या कुठल्या कोपऱ्यात असतं हे मला न बघता सांगता येतं. पार्लरवाली मुलगी एकदा म्हणाली, "आजी, या वयात एवढं ब्लीच कशाला लागतं तुम्हाला?" मी म्हटलं, "घरात सात जण आहेत गं." आणि एकदा मी वाळत टाकलेलं मशीन फिरवायला विसरले. ते अजून एका गालाने गोरं आणि एका गालाने पिवळं आहे. वन्सं पाहुण्यांना त्याची ओळख "हे वहिनींनी केलेलं" अशी करून देतात.

हे असं सुखाने चाललं होतं. मग दोरीवाला आला.

दोरीवाला म्हणजे टेलिफोन ऑफिसचा एक अधिकारी. गळ्यात ओळखपत्राची दोरी, ती तो बोलताना बोटाभोवती गुंडाळायचा, म्हणून मी त्याला ते नाव दिलं. जुन्या ऑफिसातल्या एका खोलीत संग्रहालय करायचं ठरलं होतं आणि डिरेक्टरीचं पहिलं मशीन त्यांना चालू स्थितीत हवं होतं. वन्सं एकदम हो म्हणाल्या. मग त्याने मशीनशेजारी लावायच्या पाटीचा कागद काढून वाचून दाखवला. "पहिली संगणकीय डिरेक्टरी. कल्पना, रचना आणि टंकन: मुख्य साहेब." वन्संच्या विभागाच्या तेव्हाच्या साहेबांचं पूर्ण नाव होतं, पदव्यांसकट.

वन्सं म्हणाल्या, "टंकनसुद्धा?"

"रेकॉर्डमध्ये तसंच आहे, बाई."

"टाइप मी करत होते."

दोरी बोटाभोवती फिरायला लागली. "तसा काही लेखी पुरावा?"

वन्संनी दोन्ही हात पुढे केले. त्याने ते पाहिले आणि चहाचा कप उचलला. कप रिकामा होता.

तो गेल्यावर मी म्हटलं, "देऊच नका मशीन. बसू दे पाटी घेऊन."

"देणार," त्या म्हणाल्या. "कल्पना घ्या म्हणावं, रचना घ्या. टंकन मी सोडणार नाही. मशीन त्या खोलीत माझ्या डिस्कसकट चालू होईल, सगळ्यांसमोर, आणि मग मी त्यांना तोंडावर सांगेन. बंद पडलेल्या मशीनशेजारी उभं राहून सांगितलं तर म्हातारीची बडबड म्हणतील."

म्हणजे सगळं त्या मशीनच्या चालण्यावर आलं. वन्संनी पंधरा दिवस दुसरं काही केलं नाही. जुनी डिस्क पुसून पुसून वाचून घेतली. एखादं नाव टाइप केलं की त्या माणसाचा तेव्हाचा पत्ता आणि नंबर काचेवर यायचा. चाळीस वर्षांपूर्वीचं अख्खं गाव त्या चपट्या काळ्या तुकड्यात होतं. फक्त कळा राहिल्या होत्या. बोटांचा मळ बसून पिवळ्या आणि चिकट झालेल्या. वन्संच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, त्यामुळे त्यांना तो मळ दिसत नव्हता. मला दिसत होता.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. जाताना म्हणाल्या, "कळांना हात लावू नकोस, मी आल्यावर बघते." हे वाक्य मी ऐकलं. समजलं मात्र असं, की बिचाऱ्या थकल्यात, आल्यावर अजून हे काम करणार.

तारेचा आकडा करून कळ वर कशी उपटायची हे मी शंभरदा पाहिलं होतं. मोठ्या लांब कळांना हात लावला नाही, त्यांच्या आत तार असते. एक-दोन-तीनच्या कळा स्वच्छ होत्या. अक्षरांच्या तेवढ्या सगळ्या काढल्या, गाळणीत घालून साबणाच्या पाण्यात धुतल्या आणि गच्चीवर टॉवेलवर पसरल्या. दाण्यांसारख्या दिसत होत्या. तासाभराने खाली आणल्या आणि रिकाम्या घरांसमोर बसले, तेव्हा कळलं की आता त्या परत लावायच्याही आहेत.

वन्सं काहीही उघडण्याआधी कागदावर चित्र काढून ठेवतात. मी कसलं चित्र काढतेय. पण मला एवढं पक्कं आठवत होतं की ती अक्षरं आधी नीट लावलेली नव्हती. नातीच्या खोलीत भिंतीवर ए-बी-सी-डीचा तक्ता आहे, ससा-मांजराच्या चित्रांचा. त्यावर ए, मग बी, मग सी. मशीनवर मात्र ए च्या शेजारी भलतंच काहीतरी होतं. म्हटलं, वन्संनी मागे कधीतरी धुवून उलटसुलट बसवल्या असणार. डोळ्यांनी दिसत नाही, कुणाला सांगणारही नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तक्ता काढून खाली आणला आणि एकेक कळ त्याच्याशी जुळवून ओळीने लावली. वर दहा, मध्ये नऊ, खाली सात. सव्वीसच्या सव्वीस बरोबर भरल्या. घरं आणि अक्षरं तंतोतंत पुरली म्हणजे हेच खरं, असं मी स्वतःला सांगितलं आणि तक्ता परत भिंतीवर लावला.

ज्यांनी आयुष्यात कधी टाइप केलंय, त्यांनी एव्हाना कपाळाला हात लावला असेल. मला कुणी सांगायला नव्हतं.

वन्सं आल्या. डोळ्यांत औषध घातलेलं, सगळं धूसर. "कळा?"

"घासल्या. चकाचक."

"काढल्यास की काय? आणि बसवल्यास कशा? बघून?"

"अगदी बघून," मी म्हटलं. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला. कळांची फळी मी स्वतः मऊ चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन गेले.

संग्रहालयाची खोली म्हणजे तीच जुनी काचेची खोली. शंभरेक माणसं होती. मशीन टेबलावर लागलं, वन्संनी डिस्क घातली, खटका खाली केला आणि हिरवी अक्षरं उमटली. पहिली कळ साहेबांनी दाबायची असं ठरलं होतं, म्हणून वन्सं बाजूला उभ्या राहिल्या. साहेब काठी टेकत आले. कानाला यंत्र, अंगात कोट. लहान मुलासारखे खूश दिसत होते. दोरीवाला म्हणाला, "सर, आपलंच नाव टाका."

साहेबांनी एक बोट वर केलं, कळांवरून फिरवलं, अक्षर शोधलं, दाबलं. मग पुढचं शोधलं. चांगला पाच मिनिटांचा कार्यक्रम झाला. काचेवर काहीतरी आलं आणि पुढची माणसं हसली.

"काय म्हणतंय?" साहेबांनी विचारलं.

"असं कुणी या गावात नाही म्हणतंय, सर." दोरी गरागरा फिरायला लागली. साहेबांनी पुन्हा टाकलं. पुन्हा कुणी नाही. काचेवर त्यांच्या नावाच्या जागी कसलीतरी खिचडी उमटत होती. मागून कुणीतरी म्हणालं, "जुनं धूड आहे, बिघडलं असेल." दोरीवाला वन्संकडे वळला. "बाई, तुम्ही तर म्हणालात चालू आहे. बंद करून टाकू का?"

वन्संचा चेहरा पांढरा पडला. काय झालं ते नेमकं कळत नव्हतं, पण माझ्या हातून काहीतरी झालंय एवढं पोटाने पक्कं सांगितलं. माझं पोट माझ्या डोक्यापेक्षा जास्त शिकलेलं आहे.

"थांबा," वन्सं म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. हात कळांवर ठेवले. अंगठ्याशेजारची दोन बोटं दोन कळांवर घासून पाहिली, पुन्हा घासली. तिथे एक बारीक उंचवटा असतो, बोटांना न बघता जागा कळावी म्हणून. हे मला नंतर समजलं. तो त्यांना सापडेना. त्या पार वाकून, नाक टेकेल इतक्या जवळून कळा बघायला लागल्या. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मी छताकडे बघितलं. छत चांगलं होतं.

वन्संनी तोंड लोकांकडे वळवलं, कळांकडे पाठच केली म्हणा ना, आणि हात चालले. मी बदलली ती वरची टोपणं, मशीनच्या आतल्या जागा त्याच, आणि त्या वन्संच्या बोटांना पाठ. पाऊस पत्र्यावर पडावा तसा आवाज. दोन श्वासांत साहेबांचं नाव, आणि खाली पत्ता आणि नंबर.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं. "अरे, हा तर माझा जुन्या घरचा नंबर," ते म्हणाले.

लोक एकेक नाव सांगायला लागले. माझ्या वडिलांचं टाका, आमच्या दुकानाचं टाका. वन्सं लोकांकडे बघतच टाइप करत होत्या. दहा-बारा नावं झाल्यावर त्या थांबल्या. "आता तुमची पाटी वाचा," त्या दोरीवाल्याला म्हणाल्या. "मोठ्याने. साहेबांना ऐकू जाईल अशी."

तो वाचायला लागला. टंकन या शब्दावर साहेबांनी कानातलं यंत्र नीट केलं. "टंकन? कुणाचं? माझं?" त्यांनी ते एक बोट सगळ्यांना दाखवलं. "या बोटाने मी डिरेक्टरी टाइप केली असती तर आज आपण बी पर्यंत आलो असतो."

"आणि रचना?" वन्सं म्हणाल्या.

"ती तुझीच. तू विचारायचीस, असं करू का? मी म्हणायचो, कर."

"आणि कल्पना?"

साहेबांनी डोकं खाजवलं. "ती वरच्या ऑफिसातून आली होती. टपालाने."

"मग सर, आपलं काय लिहू?" दोरीवाला अगदी रडकुंडीला आला.

"सही," साहेब म्हणाले. "आणि दुपारचा चहा मी न चुकता पाठवायचो, ते लिहायचं तर लिहा."

घरी येऊन वन्संनी चपला काढल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, ए च्या शेजारी एस असतो."

"कुठल्या शाळेत?" मी म्हटलं.

"सगळ्या जगात."

"मग तक्ता का खोटा छापतात? आधी सांगायचं होतंत."

"मी हात लावू नकोस म्हटलं होतं."

"ते ऐकलं होतं मी," मी म्हटलं. त्यावर त्यांना असा काही हसण्याचा झटका आला की मला पाणी आणावं लागलं. पाणी देणारी मी आहेच. त्यांनी कळांचं चित्र काढून दोरीवाल्याला पाठवलं आणि त्याने त्या जागच्या जागी लावून घेतल्या.

नवी पाटी पंधरा दिवसांनी लागली. आम्ही दोघी बघायला गेलो. मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं. काचेच्या पलीकडे वन्संना एक पांढरा चौकोन तेवढा दिसत होता. हात लावून वाचता येईल अशी अक्षरं काही ती नव्हती.

"वाच," त्या म्हणाल्या.

मी एकेका अक्षरापाशी थांबत वाचलं. पहिली, संगणकीय, डिरेक्टरी. संगणकीय मला दुसऱ्या खेपेला जमलं. मग रचना आणि टंकन, आणि पुढे त्यांचं नाव. आमच्या घराण्याच्या आडनावासकट, पूर्ण. त्याखाली बारीक अक्षरात साहेब.

"नाव परत वाच."

मी परत वाचलं.

"स्पष्ट वाच. गिळू नकोस."

मागे शाळेची मुलं दोन ओळींत येऊन उभी राहिली होती आणि त्यांच्या बाई घड्याळ बघत होत्या. "वन्सं, लोक खोळंबलेत," मी हळूच म्हटलं.

"खोळंबू देत," त्या म्हणाल्या. "तू वाच."